जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर : अमळनेरच्या एका गाळ्याचा रिव्ह्यू (बप्पीदांसकट)

आधी स्टार सांगून टाकतो, चार. पाचवा का कापला ते पुढे येईलच, पण थोडक्यात सांगायचं तर तीन आठवडे म्हणून माणसाने सात आठवडे लावले आणि तेवढ्यात माझ्या दोन चकरा फुकट गेल्या. तरी पण चार देतोय, कारण हे काम असं करून देणारा दुसरा माणूस मला तरी जळगावात सापडला नाही. गोलाणी मार्केटमध्ये विचारून आलो, तिथे सगळे म्हणतात यूट्यूबवरून उतरवून देतो ना भाऊ, कॅसेट कशाला पाहिजे.

कॅसेट कशाला पाहिजे ते सांगतो. यावर्षी भाच्याची हळद होती एरंडोलला, डीजे लावलेला, अहिराणी गाण्यांवर तासभर पोरं नाचली आणि मग त्याने टाकलं 'कलियों का चमन'. जी मंडळी तोवर खुर्चीवर बसून होती ती पण उठली, माझी मावशी उठली, तिचे गुडघे डॉक्टरने दोनदा बघितलेत. मी आपला नवरदेवाच्या धाकट्या भावाला सहज म्हटलं, बघ रे, बप्पीदांची (संगीतकार बप्पी लाहिरींची) चाल चाळीस वर्षांनी पण नाचवते. तो म्हणे मामा काहीही काय, हे मेघना नायडूचं गाणं आहे, २००२ चं. मी म्हटलं मेघना नायडू व्हिडिओत नाचलीय, गायलीय शाश्वती फुकन, रिमिक्स केलंय हॅरी आनंदने आणि मूळ गाणं लताबाईंचं आहे, 'थोडा रेशम लगता है', 'ज्योती' सिनेमातलं, १९८१, जितेंद्र-हेमामालिनीवाला. पोराने मोबाईल काढला, पहिला रिझल्ट रिमिक्सचा आला आणि त्याने मला तो दाखवला. आता हळदीत काय भांडणार. पण डोक्यात बसलं, कारण ते मूळ गाणं मी आमच्या आण्णांच्या (वडिलांच्या) कॅसेटवर ऐकलेलं आहे, शेकडो वेळा, आणि ती कॅसेट घरी होती, माळ्यावर.

आण्णा धरणगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते. त्यांनी १९८३ च्या आसपास जळगावहून ती कॅसेट भरून आणली होती. आजच्या पोरांना भरून आणणं म्हणजे काय ते सांगावं लागतं. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दुकानात द्यायची, तो त्याच्या एलपी आणि टेपवरून गाणी भरून द्यायचा. पूर्ण बेकायदेशीर धंदा होता हो, पण गल्लीगल्लीत होता आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, आम्हाला पण नाही. आण्णांची ती नव्वद मिनिटवाली, एका बाजूला किशोरकुमार आणि दुसरी बाजू सगळी बप्पी लाहिरी. कव्हरच्या कागदावर आण्णांच्या हाताने जिनिंगच्या निळ्या शाईत गाण्यांची नावं, बाकी काही नाही.

तर गाळा. अमळनेर स्टेशनवरून चालत दहा-बारा मिनिटं, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, शेजारी पिठाची गिरणी. गिरणी हा मुद्दा लक्षात ठेवा. बोर्ड आहे पण अक्षरं उडालीत, "रेकॉर्डिंग" एवढंच वाचता येतं. मालकाला सगळे आप्पा म्हणतात, वय सत्तरच्या पुढे. ते पूर्वी कॅसेट भरून द्यायचेच, मग सीडी आली, मग मोबाईलमध्ये मेमरी कार्ड भरून दिलं, आता उलटा धंदा, कॅसेटमधून बाहेर काढून देतात. आत गेलो तर वर बघितलं पण नाही, म्हणाले, "आठे बठ रे भो" (इथे बस रे भाऊ), आणि माझ्या हातातून कॅसेट घेऊन उजेडाकडे धरली.

रेट : कॅसेटला दीडशे रुपये, रीळ तुटलं असेल किंवा डबी बदलायची असेल तर पन्नास वेगळे. पेनड्राइव्ह आपला. पावती देत नाहीत, वहीत लिहितात. आमची डबी बिनस्क्रूची निघाली, म्हणजे दोन्ही भाग कंपनीतूनच चिकटवून टाकलेले. आप्पांनी ब्लेड घेऊन कडेकडेने उघडली, जसं आपण फणसाचा गरा अखंड काढतो तसं अख्खं रीळ उचललं आणि स्क्रूवाल्या नव्या डबीत बसवलं. जुन्या डबीतला तो स्पंजचा छोटा तुकडा असतो ना, पितळी पट्टीवर चिकटवलेला, जो रीळ हेडवर दाबून धरतो, तो गळून पडला होता, म्हणूनच मागे मी घरी लावली तेव्हा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता आणि मी समजलो कॅसेट गेली. गेली नव्हती. स्पंज गेला होता. ज्यांच्या घरी अशा कॅसेटी आहेत त्यांनी फेकायच्या आधी एवढं बघा.

मग स्पिरिटने हेड पुसलं, कानात घालायच्या कापसाच्या काडीने, काडी तपकिरी होऊन निघाली. मग खरी गंमत. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, गाणं चालू ठेवून आप्पा तो केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे फिरवत होते, डोळे मिटून, आणि एका जागी आल्यावर तबला एकदम पुढे आला. एकदम. म्हणजे इतका वेळ तो पडद्यामागे वाजत होता आणि कोणीतरी पडदा सारला. ते म्हणाले ज्या मशीनवर भरली त्याचं हेड थोडं तिरकं होतं, मग माझं पण तेवढंच तिरकं करावं लागतं. सूंऽऽ असा जो आवाज मागे येतो तो काढून टाका म्हटलं तर साफ नाही म्हणाले, तो काढला की तबल्याची धार पण जाते. आधी मला हे नाटक वाटलं, घरी एका ॲपमध्ये काढून बघितलं, खरंच जाते.

तिथे बसून मूळ 'थोडा रेशम' बऱ्याच वर्षांनी पूर्ण ऐकलं आणि मला एक कळलं की ते नाचायचं गाणं असूनही घाईचं गाणं नाहीये. लताबाई शब्द सोडतात, ठेका तो झेलतो, मध्ये जागा आहे. रिमिक्समध्ये ती जागा पूर्ण भरून टाकलीय, खाली धबधब चालूच. रिमिक्स वाईट आहे असं मी म्हणणार नाही, मावशी उठली म्हणजे काम झालं ना त्याचं. पण ज्या चालीमुळे ती उठली ती १९८१ ची आहे, हे पोराला कळायला पाहिजे एवढंच माझं म्हणणं.

आता आप्पांच्या सर्व्हिसमधली ती गोष्ट, जिच्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला घेतला. प्रत्येक कॅसेटीसोबत ते एक कागद देतात, हाताने आखलेला, बॉलपेनने. गाणं, सिनेमा, साल, गायक, गीतकार, संगीतकार आणि शेवटचा रकाना : उचल. आधी वाटलं पैशाचं काहीतरी असेल, कारण आमच्याकडे उचल म्हणजे सालदाराने मालकाकडून आगाऊ घेतलेले पैसे. तर नाही. चाल कुठून उचलली ते, आणि पुढे कोणी उचलली ते पण. गाणं रकान्यात बसलेलं आणि शेजारी हिशोब.

'थोडा रेशम लगता है' समोर लिहिलंय : ज्योती, १९८१, लता मंगेशकर, बप्पी लाहिरी. पुढची उचल : अमेरिका, २००२, मुंबई, त्यानंतर लगेच. मी म्हटलं आप्पा ही अमेरिका काय भानगड, तर त्यांनी चहा सांगितला, म्हणजे समजा पाऊण तास गेला.

भानगड अशी. डीजे क्विक नावाचा तिकडचा म्युझिक प्रोड्युसर, त्याने एका सकाळी टीव्ही लावला, झी टीव्ही लागलं, त्यावर हे गाणं. गडी दात घासत होता म्हणे, येऊन व्हीसीआरवर रेकॉर्ड करून घेतलं. त्यावर 'ॲडिक्टिव्ह' नावाचं गाणं बनवलं, गायिका ट्रुथ हर्ट्स, मध्ये राकिमचं रॅप, कंपनी डॉक्टर ड्रेची. लताबाईंचा आवाज जवळजवळ अख्खाभर मागे चालू आहे, लपवलेला वगैरे अजिबात नाही. ते गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ९ व्या नंबरपर्यंत गेलं, इंग्लंडमध्ये ३ ऱ्या. आणि कव्हरवर नाव कोणाचंच नाही, ना लताबाईंचं, ना बप्पीदांचं. मग सारेगामा ही रेकॉर्ड कंपनी कोर्टात गेली, बप्पीदा पण गेले आणि २००३ च्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या कोर्टाने सांगितलं की बप्पी लाहिरींचं नाव टाकल्याशिवाय ती सीडी विकायची नाही. म्हणजे नावाचं स्टिकर चिकटवा नाहीतर माल मागे घ्या. जलपायगुडीच्या पोराचं नाव अमेरिकेच्या सीडीवर कोर्टाच्या हुकमाने. आपल्याकडे तेव्हा 'कलियों का चमन' धो धो वाजत होतं आणि आपण मेघना नायडूला बघत होतो.

पुढचं कमी लोकांना माहीत आहे, मला पण नव्हतं, घरी येऊन वाचलं. त्या केसमध्ये बप्पीदा शेवटी हरले. कारण गाणं त्यांनी प्रमोद फिल्म्ससाठी पैसे घेऊन केलेलं, हक्क निर्मात्याचे आणि तिथून पुढे रेकॉर्ड कंपनीकडे गेलेले. ज्याने चाल केली त्याच्याकडे चालीचा कागदच नाही. वरून तुमचा हक्क नाही हे दिसत असताना केस ताणत राहिलात म्हणून कोर्टाने त्यांच्या वकिलाला अडीच लाख डॉलरच्या आसपास भरायला लावले आणि २०१० मध्ये अपिलात पण तेच कायम राहिलं. जिनिंगमध्ये काम केलेल्या माणसाच्या पोराला हे लगेच कळतं. कापूस पिकवला कोणी आणि गाठीवर शिक्का कोणाचा.

पण थांबा, बप्पीदा काही धुतल्या तांदळासारखे नव्हते आणि आप्पांचा कागद ते पण सांगतो, हे मला जास्त आवडलं. त्याच कॅसेटवर 'डिस्को डान्सर'चं 'कोई यहां नाचे नाचे' आहे, १९८२, उषा उत्थप आणि स्वतः बप्पी लाहिरी. उचल : बगल्स, इंग्लंड, १९७९. म्हणजे बगल्स या बँडचं 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार', यूट्यूबवर लावून बघा, दोन सेकंदात कळतं. त्याच सिनेमातलं 'जिमी जिमी', पार्वती खान, पुढची उचल : एम.आय.ए. (इंग्लंडची गायिका), २००७. एकाच सिनेमात एक घेतलेलं, एक दिलेलं. मी आप्पांना म्हटलं मग अमेरिकेवाल्यांवर कशाला चिडायचं, हे पण तेच करायचे. त्यावर ते म्हणाले, "उचल लिधी ना भो, मंग वहीमा नाव पडालेच जोयजे." (उचल घेतली ना, मग वहीत नाव पडायलाच पाहिजे.) आणि पुढची कॅसेट उघडायला घेतली.

बाकी बाजू बी ऐकताना माझं बप्पीदांबद्दलचं मत थोडं बदललं हे पण लिहितो. आपण त्यांना सोन्याचा माणूस करून ठेवलंय. जळगावात तर विचारूच नका, सुवर्णनगरी म्हणतात ना, इथे त्यांचा फोटो दिसला की पहिला अंदाज तोळ्यांचा होतो, चालीचा नाही. (एल्व्हिस प्रेस्लीची चेन बघून सोनं घालायला लागलो असं ते स्वतःच सांगायचे.) पण तीन वर्षांचे असताना तबल्यावर बसलेला माणूस आहे, आईवडील दोघं गाणारे आणि त्या कॅसेटवर ते ऐकू येतं, डिस्कोच्या ड्रमखाली पण ठेका कुठेतरी देशी आहे. 'रंभा हो' ऐका, 'अरमान'मधलं, १९८१, उषा उत्थप. आणि हाच माणूस १९७६ मध्ये 'चलते चलते' देऊन बसला होता, पुढे १९८५ मध्ये 'ऐतबार'ची गझल देणार होता, 'किसी नजर को तेरा इंतजार', भूपिंदर आणि आशाबाई. फिल्मफेअर मिळालं ते 'शराबी'ला. १९८६ साली एका वर्षात ३३ सिनेमांचं संगीत करून गिनीज बुकात गेले आणि माझ्या मते तिथेच घोळ झाला, ३३ सिनेमे केल्यावर उचल घ्यावीच लागणार, घरचं धान्य किती पुरेल. १५ फेब्रुवारी २०२२ ला गेले. त्या आठवड्यात आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बारा-तेरा पोस्ट आल्या, दहा सोन्यावर होत्या.

आता तक्रारी. एक, वेळ. वर सांगितलं, तीनाचे सात आठवडे. फोन उचलत नाहीत, व्हॉट्सॲपवर दोन निळ्या टिका येतात आणि विषय संपतो. मी जळगावहून सुरतच्या गाडीने दोनदा गेलो, एकदा गाळा बंद होता आणि शेजारच्या गिरणीवाल्याने सांगितलं लग्नाला गेलेत शिरपूरला. अहो मग सांगा ना. तेवढ्यासाठी अर्धी रजा टाकली होती.

दोन, गिरणी. दुपारी चालू असताना रेकॉर्डिंग केलं तर लाईट खाली-वर होते आणि टेपची मोटर हळू पडते. माझी बाजू ए अशीच झाली, किशोरकुमार झोपेत गायल्यासारखा. घरी आल्यावर कळलं. परत नेऊन दिली तर आप्पांनी ऐकली, चेहरा पडला त्यांचा आणि रात्री गिरणी बंद झाल्यावर पुन्हा केली, पैसे घेतले नाहीत. हे त्यांच्या बाजूने धरतो, पण चकर माझीच झाली. तुम्ही गेलात तर आधीच सांगा, रात्रीचं करा.

तीन, फाइलींची नावं. कागद इतका सुंदर आणि पेनड्राइव्हवर नाव काय, तर ट्रॅक ०१, ट्रॅक ०२. म्हटलं आप्पा इथे पण टाका की संगीतकाराचं नाव. म्हणाले ते कॉम्प्युटरवाला पोरगा करतो, तो सध्या पुण्याला आहे. मग मीच घरी बसून कागद बघून सगळी नावं टाइप केली, अडीच तास गेले. पाचवा स्टार गेला त्यात हे पण आलं.

एक गोष्ट राहिली. बाजू बीच्या शेवटी, गाणी संपल्यावर, पाच-सहा मिनिटं रीळ उरलं होतं आणि त्यात आण्णांचा आवाज निघाला. मला हे माहीत नव्हतं, आम्ही ती बाजू शेवटपर्यंत कधी चालवलीच नसेल. कोणीतरी नवीन टेपरेकॉर्डर बघायला आलंय, आण्णा रेकॉर्डचं बटण दाबून दाखवतायत, "हां बोला, बोला काहीतरी," आणि समोरचा माणूस लाजून नुसता हसतोय, मग म्हणतो काय बोलू आण्णा, कापसाला भाव काय चालू आहे. आण्णा भाव सांगतात. खरंच सांगतात, आकड्यासकट. मागे आईचं भांडं पडतं. मग खट्ट. आप्पांनी ते कापून टाकलं नाही, त्यांनी फोन केला (हो, हा एकच फोन त्यांनी स्वतःहून केला) आणि विचारलं, गाण्यांसोबत ठेवू की वेगळी फाइल करू. वेगळी करा म्हटलं. कागदावर त्याची पण ओळ आहे. गाणं : नाही. गायक : आण्णा आणि गिऱ्हाईक. संगीत : भांडं. उचलच्या रकान्यात आडवी रेघ.

भाच्याच्या भावाला मूळ गाणं पाठवलं, कागदाचा फोटो पण पाठवला. त्याने अंगठा पाठवला आणि खाली लिहिलं, मामा पण रिमिक्सच भारी. लिहू दे. निदान आता वाद तरी बरोबर गाण्यावर होईल.

जायचं असेल तर सकाळी अकरानंतर जा, सोमवारी बंद असतं, रोख पैसे न्या आणि कॅसेटचं कव्हर सोबत द्या, त्यावरच्या अक्षरावरून ते कुठल्या दुकानात भरली असेल ते ओळखायचा प्रयत्न करतात, आमचं नाही ओळखलं. मी अजून नऊ कॅसेटी देऊन आलोय, त्यात दोन मावशीच्या आहेत. पाडव्याला देतो म्हणालेत, म्हणजे मी आखाजी (अक्षय्य तृतीया) धरून चाललोय.